भिंगऱ्याची चाल

त्या गल्लीत त्याला सगळे थोरला म्हणत. खरं तर थोरला व्हायला पाठीवर कुणी धाकटा लागतो, आणि याचा धाकटा जाऊन एकतीस वर्षं झाली होती. पण हाक एकदा लोकांच्या तोंडात बसली की बसली. साठी उलटलेल्या या माणसाला काल जन्मलेली पोरंसुद्धा दारातून विचारायची, "थोरले, आहात का?" आणि तो आतून म्हणायचा, "आहे की. जातोय कुठे?"

त्याचं बूटदुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या चार पायऱ्या खाली होतं. एक खिडकी होती, ती बरोबर बाहेरच्या फरशीच्या पातळीला. आत बाकावर बसलं की बाहेरच्या जगाचे फक्त पाय दिसायचे, गुडघ्यापर्यंत. बाकीची माणसं वर कुठेतरी असतील असं धरून चालायचं. सकाळचं ऊन त्या पायांमधून वाट काढत आत यायचं आणि जमिनीवर दिवसभर सावल्यांची ये-जा चालायची. थोरल्याचा जन्म या उजेडात गेला. त्यामुळे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हसून बोललं की तो आधी खाली बघायचा आणि मग ओळख द्यायचा. लोक म्हणायचे, काय लाजाळू माणूस! लाजाळू कसला, तो पाय वाचत असायचा.

बूट हातात आला की तो पहिल्यांदा उलटा करायचा. सोल कुठे झिजलाय, टाच कुठून खाल्ली गेलीय, पंजाखाली खड्डा पडलाय की नाही, एवढं बघितलं की त्याला त्या माणसाची कुंडली कळायची. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांना तो एकदा म्हणाला, "बाई, उजवा गुडघा दुखतोय. अंगावर काढू नका." बाई म्हणाल्या, "माझ्या सुनेला अजून सांगितलं नाही मी, आणि या बुटाने चहाडी केली होय?" थोरला म्हणाला, "बुटाच्या पोटात काही राहत नाही बाई."

दुकानाचे दोन नियम होते, दोन्ही त्याच्या वडिलांनी घातलेले. पहिला असा की बुटाच्या नाडीला कामाची चिठ्ठी बांधली की ते काम झालंच पाहिजे, मग आभाळ कोसळो. काम झालं की चिठ्ठी गिऱ्हाइकाने आपल्या हाताने फाडायची. दुसरा नियम जरा चमत्कारिक होता. स्वतःच्या बुटाला स्वतः हात लावायचा नाही, घरातल्याने घरातल्याचा बूट करायचा. वडील म्हणायचे, "आपली चाल आपल्याला दिसत नाही रे. आपण आपला बूट करायला बसलो की आपलीच बाजू घेतो." म्हणून वडिलांचे बूट थोरला करायचा, थोरल्याचे आधी आई करायची, मग बायको, आणि ती गेल्यावर लेक. धाकट्याचे बूट थोरल्याकडे असायचे.

धाकट्याचं नाव आईने पाडलं होतं भिंगऱ्या. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलाय, असं ती म्हणायची. एका जागी पाच मिनिटं बसला तर अंगात कणकण आहे का बघायला ती कपाळाला हात लावायची. मोठा झाल्यावर टपालखात्यात चिकटला, पत्रं वाटायला. आई म्हणाली, "देवाने जोडी बरोबर लावली. एक बूट झिजवणारा आणि एक बूट शिवणारा. दोघांचं पोट भरेल."

भिंगऱ्या उंच होता, थोरल्यापेक्षा चांगला वीतभर. शाळेत जायच्या वयापासून त्याला एक खोड होती. तो थोरल्याच्या उजव्या बाजूने चालायचा आणि डावा हात त्याच्या खांद्यावर टाकायचा. नुसता ठेवायचा नाही, सगळा भार टाकायचा, जसा कुंपणावर टाकतात. लहानपणी उंची बरोबरीची होती तेव्हा ठीक होतं. पुढे हा ताडमाड वाढला तरी हात तिथेच. थोरला करवादायचा, "अरे, मी काय खुंटी आहे?" भिंगऱ्या म्हणायचा, "खुंटी बोलत नाही दादा. तू गप उभा राहिलास तर खुंटीच आहेस." रोज सकाळी थोरला त्याला टपाल कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचा आणि तिथून परत येऊन दुकान उघडायचा. अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याला सोडायला कशाला जायचं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कोपऱ्यावर खांद्यावरचा हात उचलला गेला की त्याला क्षणभर तोल गेल्यासारखं व्हायचं. मग तो परत फिरायचा.

त्या सवयीने भिंगऱ्याच्या डाव्या बुटाची बाहेरची कड झिजायची. पत्रं वाटत एकटा फिरतानासुद्धा तो तसाच कलून चालायचा, खांदा नसला तरी. डाव्या टाचेचा एक खिळाही नेहमी निघालेला असे. म्हणून त्याच्या पावलांचा आवाज साऱ्या गल्लीला पाठ होता. टक्, टुप. टक्, टुप. दुकानातून वरच्या खोल्यांकडे चौदा लाकडी पायऱ्या जायच्या. त्यावर तो आवाज सुरू झाला की आई ताट घ्यायला उठायची.

मग एका सोमवारी त्याने बूट दुकानात आणून टाकले. "दादा, दोन्ही सोल गेलेत. ओल आत येते." थोरल्यासमोर बाहेरच्या गिऱ्हाइकांची रांग होती. त्याने चिठ्ठी लिहिली, "धाकटा. दोन्ही सोल. उद्या," आणि नाडीला बांधली. मंगळवारी म्हणाला, उद्या. बुधवारी म्हणाला, उद्या नक्की. घरचंच तर काम, कुठे पळून जातंय? भिंगऱ्या जुने फाटके बूट घालून हिंडत राहिला आणि जाता-येता चिडवत राहिला, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" गुरुवारी त्याला ताप भरला. बिछान्यावरून म्हणाला, "आता घाई नको करू दादा. बरा झालो की लागतील." सोमवारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत चढला, त्याला ओलीचं काही कारण नाही. थोरल्याने मान हलवली. पटलं मात्र कधीच नाही.

बूट राहिले, आणि थोरल्याची रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची सवयही राहिली. पहिल्या वर्षी त्याला ते करायचा धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षी आरी हातात घेतली, बूट उलटा केला, आणि त्याचा हात तिथेच थांबला. सोलवर ती झीज तशीच होती. डावी कड खाल्लेली, टाच तिरपी, खिळ्याच्या जागी भोक. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती, सोलवर मुक्कामाला होती. नवा सोल लावायचा म्हणजे ती खरवडून काढायची. थोरल्याने आरी खाली ठेवली आणि बूट सगळ्यात वरच्या फळीवर, पायाच्या आकाराच्या लाकडी कलबुतांच्या मागे सारले.

तेव्हापासून त्याचा एक खेळ सुरू झाला. खेळच म्हणायचा, दुसरं काय? दुपारी दुकान तासभर बंद असायचं. घरचे वर जेवून आडवे व्हायचे. थोरला स्टुलावर चढून ते बूट काढायचा, दोन्ही हात त्यांत घालायचा आणि बाकावर चालवायचा. टक्, टुप. डोळे मिटले की बाक संपायचा नाही. खिडकीकडच्या टोकाला निघालं की उताराची गल्ली लागायची. मग पिंपाच्या नळाचं वळण, मग ती निळी पत्रपेटी, मग ते घर जिथली म्हातारी पत्र नसलं तरी दार उघडून ठेवायची. भिंगऱ्या पुढे चाललाय, खांद्याला पिशवी, मागून कुत्रं. आज पत्र नाही आजी, उद्या येईल. थोरला बाकावर बसल्या बसल्या मागे मागे जायचा. कधी कधी वाट भलतीकडेच वळायची, न पाहिलेल्या गावात, नदीकाठच्या दिव्यांमधून, आणि थोरल्याला मुळीच आश्चर्य वाटायचं नाही. मग वर लेकीने पातेलं आपटलं की बाक पुन्हा चार हातांचा व्हायचा.

चेहरा त्याला आठवायचा नाही. फोटो होता, पण फोटोतला तो कुणी शहाणा, केस विंचरलेला मुलगा होता. आवाज तर कधीच विरला होता. उरली होती ती चाल, दोन सोलांवर, वरच्या फळीवर. ती गेली तर भाऊ दुसऱ्यांदा जाईल, हे थोरल्याला स्वच्छ माहीत होतं. हे त्याने बायकोला सांगितलं नाही आणि लेकीलाही नाही. साठीचा माणूस दुपारी बुटांत हात घालून बसतो, हे सांगायचं तरी कसं?

लेक काका गेल्यानंतर तीन वर्षांनी जन्मलेली. हात तिचा बापापेक्षा हलका, टाका बारीक. दहा वर्षं ती त्याच्या शेजारी बसत होती आणि आता निम्मी गिऱ्हाइकं तिलाच हाक मारत. थोरल्याचे डोळे अधू झाले होते. सुईत दोरा तिला ओवून द्यावा लागे. शेवटी तिनेच दवाखाना गाठला आणि त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आली. डॉक्टरांनी धुळीत बसायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून आठ दिवस तो दुसऱ्या गावी आतेबहिणीकडे राहिला. आतेबहीण बोलकी. आठ दिवसांत तिने त्याला सगळ्या नात्यागोत्याच्या खबरा दिल्या, आणि डोळ्यावर पट्टी असल्यामुळे त्याला पळूनही जाता आलं नाही.

तो परत आला तेव्हा दुकान लख्ख होतं. फळ्या पुसलेल्या, कलबुतं मापाप्रमाणे मांडलेली. लेक उंबऱ्यात उभी होती, हात पाठीमागे, आणि तिच्या गालात हसू मावत नव्हतं.

"बाबा, दुकानात एकही चिठ्ठी बाकी नाही आता," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही. सगळ्यात जुनी पण केली."

तिने हात पुढे केले. भिंगऱ्याचे बूट होते. चामडं तेल पाजून मऊ केलेलं, नाड्या त्याच, आणि खाली नवेकोरे सोल, टाचांसकट.

"मला माहितेय तुम्हाला ते करवत नव्हतं," लेक म्हणाली. "चिठ्ठी वाचली मी. इतकी वर्षं तो शब्द तुमच्या डोक्यावर होता. म्हटलं, घरातल्याने घरातल्याचं करायचं असतं, तर काकाचं मी करते. सगळं हाताने शिवलं, मशीन नाही लावलं. चिठ्ठी तेवढी ठेवलीय. ती काही मी फाडायची नाही."

थोरल्याने बूट घेतले. सवयीने उलटे केले. नव्या डोळ्यांनी त्याला सगळं फार स्पष्ट दिसत होतं, नको तितकं. टाके एका रेषेत, कड घासून आरशासारखी. असं काम त्याने स्वतः तरुणपणी केलं नव्हतं. आणि सोल सपाट. कुणीच न चाललेला.

"छान झालंय," तो म्हणाला. "फार छान."

"जुने सोल?" त्याने जरा वेळाने विचारलं, उगाच विचारल्यासारखं.

"ते? पार भुगा झाला होता त्यांचा, काढतानाच तुकडे पडले. भंगारवाला शुक्रवारी घेऊन गेला ना सगळं." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "का हो?"

"काही नाही."

दोन दिवस तो कामाला बसला, बोलला, जेवला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि थोरला जळताना धूर न काढणारा माणूस होता. लेकीवर रागावायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. तिने चूक केली होती ती मायेने, आणि तीही फक्त याच घरात होऊ शकेल अशी. दुसऱ्या कुठल्या घरात मेलेल्या काकाला कुणी सोल लावून दिले असते? रागावला तो स्वतःवर. सांगितलं असतं तर? पण मूग गिळून बसायची सवय काही एका दिवसाची नसते.

तिसऱ्या दुपारी त्याला राहवलं नाही. दुकान बंद होतं. त्याने बूट घेतले, हात घातले, डोळे मिटले आणि बाकावर पाऊल टाकलं. टप्. टप्. कुणाचेही बूट. त्याने डावा हात मुद्दाम कलता केला, बाहेरच्या कडेवर. टप्. टप्. गल्ली आली नाही, नळाचं वळण आलं नाही. बाक चार हातांचा तो चार हातांचाच राहिला. थोरल्याचं कपाळ हळूहळू खाली गेलं आणि बाकाला टेकलं. हात तसेच बुटांत होते.

"बाबा?"

लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती काही न विचारता येऊन त्याच्या शेजारी बसली. आणि थोरल्याने सांगितलं. सगळं एकदम नाही. आधी खिळा, मग टक् आणि टुप, मग खांदा. उंचपुरा भाऊ उजव्या बाजूने कसा कलून चालायचा, डावी कड कशी खाल्ली जायची. दुपारचा खेळसुद्धा सांगितला, खाली मान घालून. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की लेक रडत नाहीये. रडेल असं त्याला वाटलं होतं. ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत बसली होती, मापाचं गणित जुळत नसलं की बसायची तशी.

"तो तुमच्या उजवीकडून चालायचा?" तिने विचारलं.

"नेहमी."

"आणि सगळा भार तुमच्यावर?"

"सगळा. खुंटी समजायचा मला."

"पाय वर करा."

"काय?"

"उजवा पाय वर करा, बाबा."

तिने त्याच्या पायातला बूट काढला, उलटा केला आणि त्याच्या नाकासमोर धरला. उजवी टाच बाहेरच्या कडेने खाल्लेली होती. तिरपी, गुळगुळीत, आणि कडेला बोटाचं टोक बसेल एवढा उतार. थोरल्याने हजारो बूट उलटे करून पाहिले होते. हा नव्हता पाहिला. नियमच होता ना, स्वतःच्याला हात लावायचा नाही.

"दहा वर्षं मी तुमचे बूट करते," लेक म्हणाली. "दर चार-पाच महिन्यांनी ही टाच बदलते. त्याआधी आई बदलायची. तीच म्हणायची मला, तुझे बाबा असे चालतात जसं कुणी अंगावर रेललंय आणि हे त्याला पडू देत नाहीयेत. मला वाटायचं तुमचा पाय वाकडा आहे."

थोरल्याने बूट घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्याने वाचायला सुरुवात केली, जसा कुणा अनोळखी गिऱ्हाइकाचा वाचला असता. हा माणूस उजवीकडे कलतो. उजवीकडून याच्यावर भार येतो, आणि हा त्याला टेकू देतो. भार देणारा याच्यापेक्षा उंच आहे. त्याने बाकावरचा भिंगऱ्याचा डावा बूट उचलला आणि आपल्या उजव्याला लावून धरला. सोल नवा होता, पण गेलेली झीज त्याला पाठ होती. इकडचा उतार आणि तिकडचा उतार एकमेकांना बरोबर मिळत होते. एकतीस वर्षं खांद्यावर हात नव्हता आणि एकतीस वर्षं तो रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत त्या हातासकट चालत गेला होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," लेक म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला.

थोरला हसला, आणि हसता हसता त्याचे नवे डोळे भरून आले. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं. लेकीने पदराच्या टोकाने ते टिपलं आणि त्याला दटावलं. बाहेर फरशीवरून कुणाचे तरी पाय गेले, मग आणखी कुणाचे. ऊन बाकावर सरकत आलं होतं. थोरल्याने भिंगऱ्याच्या नाडीची चिठ्ठी सोडवली. अक्षर त्याचंच होतं, तरुण, घाईचं. ती त्याने दोन तुकडे करून फाडली आणि बूट समोरच्या फळीवर ठेवले, जिथे झालेली कामं ठेवतात.

लेक अजून त्याचाच बूट हातात धरून बसली होती. टाचेवरून तिचं बोट फिरत होतं.

"ही बदलायला झालीय," ती हळूच म्हणाली. "पण नको करायला आता. राहू दे अशीच. मी वर फळीवर ठेवते. का चिठ्ठी बांधू, पुढे कधीतरी?"

"चिठ्ठी नको," थोरला म्हणाला. तो दुसऱ्या पायातला बूट काढत होता. "आजच बदल. झिजेल पुन्हा."